बाईंच्या मिस्टरांचा बनियन

जुना बनियन द्यायचा नाही, असं बाईंच्या मिस्टरांनी ठरवलं, तेव्हा त्यात काही गैर आहे असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं. माणसाचा स्वतःच्या बनियनवरही हक्क नसेल, तर संसार करायचा तरी कशासाठी?

तसं मिस्टरांना स्वतःचं नाव होतं. पोस्टात ज्या खिडकीमागे ते बसत, तिथल्या पाटीवर ते लिहिलेलंही होतं. पण त्यांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची आणि आसपासच्या निम्म्या घरांतली मुलं तिच्या हाताखालून गेलेली. त्यामुळे भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ‘बाईंचे मिस्टर’ म्हणूनच ओळखत.

प्रकरण सुरू झालं शाळेमागच्या मोकळ्या जागेवरून. मुख्याध्यापकांना तिथं फरशी घालून गाड्या लावायची सोय करायची होती. बाईंना मुलांसाठी भाजीचे वाफे हवे होते.

“मेलेली माती आहे ती, बाई,” मुख्याध्यापक म्हणाले.

“मेली की जिवंत, ते तिलाच विचारू या,” बाई म्हणाल्या.

विचारायची रीत सोपी होती. शुद्ध सुती कापड मातीत पुरायचं. माती जिवंत असेल तर तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव दोनेक महिन्यांत ते खाऊन टाकतात. कापडाची चाळण झाली तर वाफे, जसंच्या तसं निघालं तर फरशी. मुख्याध्यापकांनी सातवीच्या अख्ख्या वर्गासमोर शब्द दिला. (मुलांसमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.)

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या थेट कपाटाकडे.

“अहो, तुमचा तो जुना बनियन द्या.”

“कोणता?”

“ज्यात डोकं नेमकं कुठून घालायचं, असा रोज प्रश्न पडतो, तो.”

“अगं, तो आत्ता कुठं मऊ झालाय! वारा कसा छान खेळतो त्यातून.”

“वाराच खेळतो. बनियन उरलाय कुठं?”

आता बाईंना काय कळणार! ऐन उकाड्यात खिडकीमागे बसणाऱ्या माणसालाच त्या बनियनची किंमत ठाऊक. खांद्याला तो उसवला तेव्हा घरातला पांढरा दोरा संपला होता, म्हणून बाईंनीच निळ्या दोऱ्याने टाके घातले होते. फरशी पुसायला म्हणून तो बादलीपर्यंत गेला होता, आणि मिस्टरांनी तो हात घालून परत आणला होता. असा बनियन मातीत घालायचा?

मिस्टरांनी युक्ती केली. रस्त्याच्या कडेला एकावर एक फुकट मिळालेली बनियनची नवीकोरी जोडी त्यांच्याकडे होती. “साहेब, अस्सल सुती!” असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मिस्टरांनी तो हात नीट पाहिला, कापड पाहायचं राहून गेलं. त्यातला एक त्यांनी बाईंच्या पुढ्यात ठेवला.

“नवा देताय?” बाईंचा आवाज एकदम हळवा झाला. “सुती आहे ना पण?”

“म्हणजे काय! मुलांसाठी एवढंही करू नये का माणसानं?”

दुसऱ्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवत बनियन पुरला आणि वर खुणेची काठी रोवली. मिस्टरांच्या त्यागाची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत पोचली. शाळेचा शिपाई त्यांना रस्त्यात थांबून नमस्कार करू लागला. घरी चहाचा दुसरा कप न मागता मिळू लागला. मिस्टरांना तर हळूहळू स्वतःलाच वाटू लागलं, की आपण फार मोठ्या मनाचे आहोत.

माती उकरायच्या आदल्या दिवशी पोस्टात जायची घाई होती आणि जोडीतला दुसरा बनियन अजून ओला होता. मिस्टरांनी त्याच्यावर तापलेली इस्त्री टेकवली. चर्र आवाज झाला, प्लास्टिकची बादली जळावी तसा वास सुटला, आणि बनियनचा पुढचा भाग आक्रसून इस्त्रीच्या पोटाला चिकटला.

मिस्टर इस्त्रीकडे बघतच राहिले. सूत कधी वितळतं का? म्हणजे त्या मातीत इतके दिवस प्लास्टिक पुरलेलं होतं!

“कसला वास येतोय हो?” स्वयंपाकघरातून बाई.

“शेजाऱ्यांकडे काहीतरी जळालंय वाटतं!” (शेजारी गावाला गेले होते.)

सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण बाई गुणगुणत वाफ्यांसाठी बिया वेगळ्या करत होत्या. मिस्टर मुकाट्याने इस्त्री खरवडायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जातो म्हणून ते पिशवी घेऊन निघाले. पिशवीत जुना बनियन होता. शाळेमागे कोणी नव्हतं. काठीजवळ उकरलं तर नवा बनियन पांढराशुभ्र! वर ओढला तर हातात पाठ वेगळी, पोट वेगळं आणि बाह्या वेगळ्या आल्या. “शिलाईसुद्धा कच्ची! मेल्यानं सगळीकडूनच फसवलं,” असं पुटपुटत त्यांनी ते तुकडे पिशवीत कोंबले. मग जुन्याला एकदा गालाशी धरलं, खड्ड्यात ठेवलं आणि माती लोटली. घरी पिशवी सापडायची भीती, म्हणून दुपारी शाळेत जाताना ती काखोटीला मारूनच गेले.

शाळेमागे सातवीचा वर्ग, बरेच पालक आणि घड्याळ बघणारे मुख्याध्यापक जमले होते. मुलांनी माती उकरली आणि बनियन वर काढला. भोकंच भोकं! एकच जल्लोष झाला. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी पुढे सरकली. सारखे प्रश्न विचारते म्हणून वर्गाने तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं.

“बाई, माती कापड खाते, ते कळलं. पण माती टाकेपण घालते?”

“काय?”

“हे बघा ना, खांद्यावर. निळ्या दोऱ्याचे.”

बाईंनी टाके पाहिले. आपल्या हातचे टाके कोणीही ओळखतंच. त्यांनी हळूच मान वळवली.

“अहो...”

‘अहो’ एवढाच शब्द, पण त्यात सगळं आलं. मिस्टरांनी गर्दीसमोर जोडीपासून इस्त्रीपर्यंत सारं सांगून टाकलं आणि पिशवी पुढे केली.

“म्हणजे फसवणूक!” मुख्याध्यापकांना एकदम तरतरी आली. “खरा बनियन धडधाकट आहे. माती मेलेलीच. सोमवारी फरशीवाल्यांना बोलावतो.”

“प्लास्टिक कुठलीच माती खात नाही, सर,” बाई म्हणाल्या, पण आवाज पार खाली गेला होता.

शंकासुराने पिशवी जमिनीवर रिकामी केली. पाठ, पोट, बाह्या. तिने ते तुकडे नीट मांडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, हे तुम्ही फाडलंत?”

“छे गं! शिलाईच कच्ची होती.”

“पण कापड तर कुठंच फाटलेलं नाही. बाई, शिवण कुठं गेली?”

बाई खाली वाकल्या. बाहीच्या कडेला दोऱ्याचं एक टोक उरलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं, तर भिजलेल्या कागदासारखं तुटलं. बाई ताठ उभ्या राहिल्या. आवाज वर्गातला झाला.

“मुलांनो, दोरा सुती होता!”

“मातीनं दोरा खाल्ला!” शंकासुर ओरडली. “तेवढाच शोधून खाल्ला! प्लास्टिकला तोंडसुद्धा लावलं नाही!”

“बघा सर,” बाई हसत म्हणाल्या, “विकणाऱ्यानं आमच्या ह्यांना फसवलं. मातीला नाही फसवता आलं.”

पालक हसून हसून लोटपोट झाले. मुख्याध्यापकांनी एकदा तुकड्यांकडे पाहिलं, एकदा मुलांच्या तोंडांकडे, आणि शेवटी त्यांनाही हसू फुटलं. “करा वाफे,” ते म्हणाले. “गाड्या राहतील रस्त्यावर.”

सोमवारी मिस्टर पोस्टात खिडकीमागे बसले होते. रांगेत एक बाई आल्या, सोबत त्यांची छोटी मुलगी.

“आई, हेच ते काका!” मुलगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “ज्यांच्यापेक्षा मातीला जास्त कळतं!”

“असं बोलू नये गं,” आईने दटावलं आणि ओशाळून पिशवीतून एक नवा टॉवेल काढला. “आत्ताच घेतला. दुकानदार सुती म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं, हो?”

मिस्टरांनी चष्मा सावरला, टॉवेलकडे हात केला. पण त्याआधीच मुलीच्या आईने तो घडी करून परत पिशवीत ठेवला.

“राहू द्या. घरी कुंडीत पुरूनच बघते.”