कळशीतले जंतू

रविवारी सकाळी विजयमालेनं फ्रिजमागच्या उबेला ठेवलेला काचेचा चंबू उचलला, तर तो हलका लागला. आत थेंब नव्हता.

"आई, यातलं पाणी कुठंय?"

"पानी कसला? चिचेचा कोल व्हता नं त्यो," सासूबाई, पुतळाबाई, म्हणाल्या. "कलशी घासाला घेतला. सांजचे बुवा येतान नं आपले घरा."

नावड्याच्या देवळात सप्ताह बसला होता, आणि आज कीर्तनकारांचे पाय धुण्याचा मान यांच्या घराला होता. असल्या दिवशी तांब्याची कळशी चकचकीत हवी आणि तिच्यासाठी सून आदल्या रात्री चिंच भिजत घालते, ही घरची रीत. या खेपेला मात्र चंबूत सुनेच्या संशोधनाची दोन वर्षं होती. तुर्भ्याच्या प्रयोगशाळेत दोन दिवस वीज नसणार, म्हणून तिनं जंतू घरी आणले होते. लिंबाच्या रसाइतक्या आंबट पाण्यात सुखानं नांदणारे, खाणीतले.

त्यांच्या पोटात प्लास्मिड, म्हणजे जनुकांचं एक सुटं कडं असायचं. तांब्याचं विष पचवण्याची विद्या त्या कड्यात. पण प्रयोगशाळेतल्या आयत्या जेवणावर जंतू ते टाकत चालले होते. 'या आठवड्यात प्लास्मिड दिसलं नाही, तर विषय बदला,' असं तिचे मार्गदर्शक रावसाहेब सरांनी बजावलं होतं.

"सगळं ओतून दिलंत?"

"वतीन कशाला? कलशीतच हाय रातभर. मुराला नको?"

विजयमालेनं ते पाणी गाळून परत चंबूत भरलं, कळशी उकळत्या पाण्यानं धुतली आणि सासूला कड्याची गोष्ट सांगितली.

"मंजे गुरूचा मंतर," पुतळाबाई म्हणाल्या. "जपला नाय का गेला."

रात्रभरात पाण्यात तांबं उतरलं होतं. मंत्र विसरलेले जंतू मेले. ज्यांनी जपला, तेच वाढले. गुरुवारी प्रयोगशाळेतल्या तपासणीत, प्लास्मिड असल्याची खूण म्हणून दिसणारा पट्टा ठसठशीत उमटला.

"काय बदललंत?" सरांनी विचारलं.

"तांबं घातलं, सर."

"किती?"

"एक कळशी."

सर हसले नाहीत. "पुन्हा करून दाखवा. त्याच कळशीत."

काल्याच्या कीर्तनाला बुवांपुढे पाणी आलं ते कोऱ्या काचेच्या चंबूतून. बुवांनी तो उजेडासमोर धरला, मापाच्या रेघा पाहिल्या.

"माउली, कंच्या रेघंपोत्तर प्यायचं?"

"पोटभर प्या, बुवा," पुढच्या रांगेतून पुतळाबाई म्हणाल्या. "कलशी तुर्भ्याला नोकरीला लागलीय."