भिवाजी साळिंदराच्या घरची पायधूळ

एका जंगलात (नकाशात शोधू नका बाळांनो, तिथं रस्ता जात नाही) भिवाजी नावाचा साळिंदर राहत होता. स्वभावानं फार सभ्य. इतका सभ्य, की वाटेत मुंगी आडवी आली तरी "आधी तुम्ही" म्हणून थांबायचा. मग तिच्यामागची मुंगी यायची, मग तिच्यामागची. त्यामुळे भिवाजी कुठंही वेळेवर पोचत नसे.

उंबराखाली त्याचं बीळ होतं. घरात बायको तानूबाई आणि दोन पिल्लं. शेजारी साळिंदरांची आणखी अकरा बिळं.

त्या वर्षी नदीपलीकडून हत्ती आले. त्यांची वाट नेमकी बिळांच्या कडेनं जायची. हत्ती चालू लागले की भिवाजीच्या छताची माती गळायची. एकदा तर जेवताना ताटातच पडली.

"आज माती पडली, उद्या पाय पडेल," तानूबाई म्हणाली. "जाऊन बोला त्यांच्याशी."

"बोललो असतो गं. पण त्यांची भाषा कुठं येते आपल्याला?"

हे ऐकून जंगलाचे सभापती धनेशराव मदतीला धावून आले. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. चोच मोठी असल्यामुळेच त्यांना सभापती केलं होतं. ते नुकतेच शहराच्या अभ्यासदौऱ्यावरून परतले होते. येताना त्यांनी इअरबड आणले होते, म्हणजे कानात घालायची बिनवायरची बोंडं.

"एक जोडी तुम्ही घाला, एक हत्तीणबाईंना द्या. तुम्ही बोललात की त्यांना लगेच त्यांच्या भाषेत ऐकू येणार. चौऱ्याऐंशी भाषा येतात याला!"

"कमाल आहे!" भिवाजी म्हणाला.

कळपाची मुख्य होती भद्राक्का. तिच्या कानात बोंड घातलं तर ते दिसेनासंच झालं. शेवटी एका खारीनं आत शिरून ते धरून ठेवलं आणि "चालू करा!" म्हणून शेपटी बाहेर काढून हलवली.

भद्राक्कानं सोंड उंचावली. भिवाजीच्या कानात एका गोड बाईचा आवाज आला, "तुझ्या डोक्यावर माती पडो."

भिवाजीचे काटेच उभे राहिले. खरं तर हत्तींमध्ये हा आशीर्वाद असतो. अंगावर माती असली की माशा चावत नाहीत. पण गोड बाईला माशा कधी चावल्याच नव्हत्या. भिवाजीनं राग गिळला. परमुलखातली पाहुणी आहे, आपण रीत सोडू नये, असं म्हणून तो वाकला.

"आक्का, आपण आलात, आम्ही धन्य झालो. एकदा गरिबाघरी पायधूळ झाडा."

भद्राक्काच्या कानात आवाज आला, "आमच्या घरावर पाय आपटून धूळ काढा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर ज्याच्या त्याच्या दारात तिनं "पाय नको, पाय नको" एवढंच ऐकलं होतं.

"आत्ता येऊ?" तिनं विचारलं.

"आपली कृपा!"

तिनं हाक दिली. एकोणीस हत्ती निघाले. जमीन हादरताच तानूबाई पिल्लांना पुढं घालून मागच्या दारानं बाहेर पडली. ती बाहेर पडली आणि धडाम! घर बसलं.

"झाडली!" भद्राक्का आनंदानं म्हणाली. "चारही पायांची झाडली!"

आयुष्यात पहिल्यांदा भिवाजीचं डोकं फिरलं. पण सभ्य प्राण्याचा राग सरळ बाहेर येत नाही, वाकडा येतो.

"वा वा! फार उपकार झाले! आता इथंच बसून नाकानं कांदे सोला!"

"सोलीन की," भद्राक्का लाजून म्हणाली. "आम्ही सगळं नाकानंच सोलतो. तुला कुणी सांगितलं?"

"आणि थांबलात कशाला? आता शेजाऱ्यांकडंही झाडा!"

यंत्राला चौऱ्याऐंशी भाषा येत होत्या. टोमणा ही पंच्याऐंशीवी.

हत्ती वळले. पुढचं बीळ म्हाताऱ्या गोदाकाकूंचं. काकूंना ऐकू येत नसे आणि त्या आत गाढ झोपलेल्या. भिवाजी धावला, पण तोंडातून सवयीचंच निघालं.

"अहो, राहू द्या! कशाला उगीच तसदी!"

"तसदी कसली?" म्हणत भद्राक्कानं पाय उचलला.

तानूबाईच्या कानात काही नव्हतं. ती सरळ बिळाच्या तोंडाशी गेली, पाठ फिरवली आणि सगळे काटे उभे करून खळखळ वाजवले. पाय खाली आला आणि टेकायच्या आत वर गेला. भद्राक्का अशी ओरडली की बोंड आणि खार दोन्ही कानाबाहेर उडाली. ती आरोळी मात्र साऱ्या जंगलाला आपापल्या भाषेत कळली.

तानूबाईनं भद्राक्काच्या तळव्यातला काटा दातांनी उपटला. मग पडलेल्या घराकडं तोंड केलं. मग पिल्लांकडं. मग उंबरापलीकडच्या मोकळ्या रानाकडं. ती जिकडं वळली तिकडं भद्राक्कानं पाहिलं. तिचे कान खाली पडले. तिनं कळप उंबरापलीकडं नेला आणि परत येऊन स्वतःच्या पायांनी त्यांना नवीन बीळ खणून दिलं. ते जरा मोठं झालं. पिल्लं अजून त्यात हरवतात.

आठवड्यानं धनेशरावांनी सभा भरवली. इअरबडमुळे हत्ती आणि साळिंदर यांच्यात ऐतिहासिक संवाद झाल्याचं जाहीर केलं. भिवाजीला शाल पांघरली. ती काट्यांत अडकली, अजून निघालेली नाही. तानूबाईला बोलावणं नव्हतं. खरं काय घडलं ते सांगावं असं भिवाजीच्या फार मनात होतं. पण भर सभेत धनेशरावांना खोटं कसं पाडायचं?

"सगळं श्रेय यंत्राचं," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. त्याच दिवशी जंगलात सगळ्यांनी इअरबड घेतले. सापानंसुद्धा घेतले. कुठं घालायचे ते तो अजून शोधतो आहे.

तात्पर्य : बाळांनो, एकमेकांची भाषा कळली की भांडणं मिटतात, असं शाळेत शिकवतील. परीक्षेत तसंच लिहा, मार्क मिळतील. एरवी मात्र आपलं बोलणं समोरच्याला अजिबात कळत नाही, याची खात्री करून घ्यावी आणि मगच गोड बोलावं.