लोकरीच्या टोपीखाली

शाळेच्या बसचा चालक डोक्याला तारा चिकटवून पलंगावर आडवा पडला होता. डोळे मिटायचे, स्वस्थ पडायचं आणि झोपायचं नाही, एवढीच परीक्षा. झोप लागली, तर उद्यापासून बस दुसऱ्याच्या हाती.

"त्या बाईकडं कुणीच पास होत नाही," टकलूनं आधीच बजावलं होतं. तोही चालकच, पण आता घरी बसलेला. "माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता, तरी 'गाढ झोप' लिहिलं!"

काचेपलीकडून तंत्रज्ञ बाईंचा आवाज स्पीकरवर आला. यंत्राच्या खोलीत फार गारठा, म्हणून त्या कायम लोकरीच्या टोपीत.

"आता डोक्यात काय चाललंय?"

"बसचं मागचं दार नीट लागत नाही."

"छान. हा जागेपणीचा विचार. झोप जवळ आली, की विचार भरकटतात." थोड्या वेळानं, "आता?"

"तेच दार, मॅडम. बिजागरी गेलीये."

"तुम्ही झोपलात."

चालक ताडकन उठून बसला. "अहो, मी बोलतोय ना तुमच्याशी!"

"झोपेत बरेच जण बोलतात. पडद्यावर गाढ झोपेच्या लाटा आहेत."

नोकरी चालली म्हटल्यावर कसली रीतभात! त्यानं तारा उपटल्या आणि त्या हातात घेऊन तो थेट बाईंच्या खोलीत शिरला. पडद्यावर लाटा निवांत चालूच होत्या.

"माझ्या तारा तर या! मग या लाटा कुणाच्या?"

बाईंनी सावकाश टोपी काढली. खाली तारा होत्या. "यंत्र तपासायला सकाळी आधी स्वतःला लावते. काढायचं राहिलं."

"आजच?"

"रोजच राहतं."

"म्हणजे टकलू जागा होता! झोपलेल्या तुम्ही!"

"छे, मी तर कामात आहे."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तो आत आल्यापासून बाईंची पापणी एकदाही लवली नव्हती.

"मॅडम... उठवू का?"

"नको हो," बाई कुजबुजल्या. "मॅडम उठल्या, तर सगळं पहिल्यापासून करायला लावतील."

आणि त्यांनी त्याच्या कागदावर 'जागा' असा शिक्का मारला.

चालक चवड्यांवर बाहेर आला. दार हलकेच ओढलं, पण ते नीट लागेना. फटीतून आवाज आला, "आता डोक्यात काय चाललंय?"

आणि त्याच आवाजानं उत्तर दिलं, "दार. बिजागरी गेलीये."