बाबांनी दाबलेल्या घंटा

साहेबांसमोर वार्षिक अहवाल वाचून दाखवताना तिचा फोन पुन्हा टिणटिणला. कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं गळत होतं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. तिनं बाहेर येऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, त्या दुरुस्तीच्या फोरमवर प्रत्येक विषयाखालची घंटी कशाला दाबता?"

"अगं, लोकांच्या गप्पांत शिरायचं, तर आधी बेल नको वाजवायला? रीत आहे ती."

"ती त्यांच्याकडे वाजत नाही! ती दाबली, की तिथे कुणीही काहीही खरडलं तरी आपल्याला नोटिफिकेशन येतं. आणि खातं माझ्या ईमेलवर काढलंय, म्हणून ते माझ्या फोनवर येतं!"

"तरीच! एवढ्या बेल मारतोय, पण 'या, बसा' म्हणून कुणी म्हणत कसं नाही!"

जन्मभर मोटारी दुरुस्त केलेल्या माणसाला घंटीचं वायरिंग समजावणं तिनं रविवारवर ढकललं. बाबा त्याच रात्री झोपेत गेले.

घंटा मात्र राहिल्या. भेटायला आलेली माणसं खाली मान घालून बसलेली असताना फोन वाजे.

"कुणाचं गं?" आत्यानं डोळे पुसत विचारलं.

"कुणाचा तरी पंप गेला."

"अरेरे!" आत्यानं सवयीनं हात जोडले.

शेवटी तिनं फोरमवर लिहिलं, 'बाबा गेले. कृपया उत्तराची वाट पाहू नये.' ते आगीत तेलच झालं. हळहळणाऱ्या प्रत्येकामागे एक टिणटिण. वळण चांगलं, म्हणून तिनं सगळ्यांचे आभार मानले. त्या आभारांना अंगठे आले, अंगठ्यागणिक नोटिफिकेशन. मग बाबांशी कायम भांडणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं, 'माणूस हट्टी, पण मिक्सरच्या बाबतीत त्याचंच खरं.' त्यावरून मिक्सरवाल्यांत दोन तट पडले आणि फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला.

"एक बटण आहे," नवरा म्हणाला. "सगळ्या घंटा एका दमात बंद."

तिनं दाबलं. फोननं विचारलं, 'नक्की?'

"दाब की! एवढी वैतागली होतीस ना?"

बोट अडलं. हे थांबलं, की बाबांच्या नावानं घरात काहीच वाजणार नव्हतं.

तेवढ्यात टिण्. शिलाई मशीन अडलेल्या एका आजोबांनी, मशीन विकत घेतलं त्या दिवसापासूनची कहाणी सांगायला घेतली होती. दोन पानं झाली तरी दोरा ओवायचाच होता.

तिनं 'नको' दाबलं आणि खुर्ची ओढली. पुढचं वाक्य तिच्या तोंडून नवऱ्यानं कधीच ऐकलं नव्हतं, बाबांनीही नाही.

"सांगा बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "सावकाश सांगा. मला वेळ आहे."