सोपानतात्यांची पोच

सोपानतात्यांच्या हातात कुठलाही कागद दिला तर ते आधी तो वाचत नाहीत. सदऱ्याच्या खिशातून एक रबरी शिक्का काढतात, चपट्या डबीतल्या शाईवर दाबतात, कागदाच्या कोपऱ्यात उठवतात आणि खाली तारीख घालतात. शिक्क्यावर एकच शब्द आहे, ‘पोचले’. मग तसाच शिक्का मारलेली एक चिठ्ठी तुमच्या हातात ठेवतात. भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा मलाही अशी चिठ्ठी मिळाली. माझ्या नवऱ्यानं ती बरेच दिवस फ्रिजवर चिकटवून ठेवली होती. पाहुणे विचारायचे, हे काय? तो सांगायचा, आमची पत्रिका सरकारदरबारी दाखल झालीय.

ते स्वतः कुणाला काही देतात तेव्हा उलटं. तेव्हा पोच तुम्ही द्यायची. गिरणीत दळण टाकलं तरी तात्या पोच घेतल्याशिवाय हलत नाहीत. गिरणीवाल्यानं वैतागून त्यांच्यासाठी एक वेगळी वहीच केली आहे.

“तोंडी काय खरं नसतंय, म्याडम,” ते मला म्हणायचे. “माणूस नुसता हसतो. कागद बोलतो.”

तात्या एका सरकारी कचेरीत शिपाई होते. उभी नोकरी त्यांनी या टेबलावरची फाईल त्या टेबलावर नेण्यात घालवली. शिक्षण सातवी. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, पुढं पाणी आलं तशी थोडी शेती झाली. आता निरवांगी गावाच्या अलीकडं आत वळलं की एक वस्ती लागते, तिथं ते राहतात. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि ऊन असो नसो, काखेत छत्री.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती भांडणातून. मी बारामतीत एका धर्मादाय संस्थेच्या ऑफिसात काम करते. संस्था आमच्या शेठची. त्यांचं लोखंडाचं मोठं दुकान. साठी झाल्यावर त्यांनी ते मुलांच्या हवाली केलं आणि स्वतः दानधर्माला लागले. मनापासून लागले, हे सांगायला हवं. फोटोची हौस नाही, भाषणाची नाही. तात्यांच्या वस्तीवर सरकारी आरोग्य उपकेंद्राची इमारत आहे पण नर्सची जागा रिकामी, दाराला कायम कुलूप, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. आठवड्याभरात त्यांनी एक गाडी घेतली, एक निवृत्त नर्स नेमली, औषधांची खोकी भरली आणि मला सांगितलं, “दर मंगळवारी तुम्ही बरोबर जायचं.”

पहिल्या मंगळवारी आमची गाडी वस्तीत शिरली तर रस्त्याच्या मधोमध तात्या उभे. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तात्यांनी छत्री वर केली.

“गाडी कुठल्या खात्याची?”

“खात्याची नाही, संस्थेची आहे,” मी खाली उतरून म्हणाले. “आम्ही सगळ्यांना फुकट तपासणार आहोत. औषधंही फुकट.”

“फुकट कशापायी?” तात्या म्हणाले. “ह्या लोकांनी काडीपेटीवर बी कर भरलाय. त्यांची नर्स सरकारनं द्यायची हाय. तुमी सरकारचं काम करताय, त्याचं पत्र कुठं हाय?”

मला हसू आलं. प्रत्येक गावात असा एक माणूस असतो, असं मी मनात म्हटलं. तात्यांनी पिशवीतून कागद काढला, छत्री माझ्या हातात दिली आणि गाडीच्या बॉनेटवर तो ठेवून तालुक्याच्या कचेरीच्या नावानं सुवाच्य अक्षरात लिहायला लागले. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं.

‘आज मंगळवार. आज आमच्या नर्सने या वस्तीवर रुग्ण तपासले. हे काम आपले आहे. आपण येईपर्यंत ते आम्ही करीत आहोत. कळावे.’

“सही करा, मंग गाडी जाऊ द्या,” ते म्हणाले.

मी सही केली. खरं सांगायचं तर ऊन फार होतं म्हणून केली.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. आमची नर्स झाडाखाली खुर्ची टाकून बसायची, बायाबापड्यांचं बीपी बघायची, साखर तपासायची, जखमा बांधायची. तात्या लांब उभे राहून किती माणसं आली ते मोजायचे आणि शेवटी कागदावर आकडा घालून माझी सही घ्यायचे. स्वतः कधी हात पुढं करून बीपी बघून घेतलं नाही. एकदा त्यांना चांगलाच ताप होता. नर्स म्हणाली, “तात्या, गोळी तरी घ्या.” तर म्हणाले, “माझी नर्स आली की तिच्याकडनं घीन.”

आणि सोमवारी ते कागद घेऊन तालुक्याच्या कचेरीत जायचे. दर सोमवारी, एसटीनं. तिथं ते काय करतात हे बघायला मी एकदा मुद्दाम गेले. तो दिवस मी विसरणार नाही.

तात्या कचेरीत शिरले ते नोकरीवर आल्यासारखे. कुठल्या टेबलावर कागद अडतो, कुठल्या कपाटात झोपतो, कोणता कारकून जेवणाआधी सही करतो आणि कोणता जेवणानंतर, सगळं त्यांना पाठ. नवे साहेब आत बसले होते. त्यांनी पांढऱ्या टोपीतला माणूस दारात पाहिला आणि शिपाई समजून चहा सांगितला. तात्यांनी एका शब्दानं खुलासा केला नाही. कोपऱ्यावरच्या टपरीतून चहा आणला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि कपाशेजारी आपल्या वस्तीची फाईल उघडून ठेवली. साहेबांनी चहा पिता पिता ती वाचली. कुठल्याही मंत्र्याच्या चिठ्ठीनं जे होत नाही ते एका कप चहात झालं होतं. मी समाजकार्याची पदवी घेतली आहे. हे मला तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

पण वाचली म्हणजे मंजूर झाली असं नाही. चार-पाच महिने गेले. मग कुणीतरी शेठच्या कानावर घातलं की तुमच्या गाडीबद्दल एक म्हातारा दर आठवड्याला सरकारकडं लेखी देतोय. शेठ दुखावले.

“आपण द्यायचं आणि वर तक्रारी ऐकायच्या?” ते मला म्हणाले. “बोलवा त्यांना.”

तात्या बारामतीला आले. ऑफिसात शेठ समोर, मी बाजूला. तात्यांनी छत्री खुर्चीला अडकवली.

“सोपानराव,” शेठ म्हणाले, “सरकारची वाट बघत बसलो तर तुमची माणसं मरतील. कळतं का तुम्हाला?”

“कळतंय की. म्हनून तर तुमची गाडी परत धाडली न्हाय.”

“मग माझ्या गाडीशी तुमचं भांडण काय?”

तात्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर सरकवला. कचेरीचं उत्तर होतं. शेठनी चष्मा लावला. मीही वाकून वाचलं. ‘सदर ठिकाणी खाजगी संस्थेमार्फत आरोग्यसेवा सुरू असल्याने पद भरण्याची तूर्त निकड दिसून येत नाही.’

शेठनी तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसायला लागले.

“म्हणजे,” ते म्हणाले, “मी गाडी पाठवतो म्हणून नर्स येत नाही?”

“व्हय.”

“आणि मी गाडी बंद केली तर?”

“तर लोकांचं हाल व्हत्याल. गाडी बंद करायची न्हाय.”

“मग मी करू काय?”

“सही करा,” तात्या म्हणाले. “ह्या म्याडमची सही हाय, पर तुमच्या सहीला वजन हाय. दर मंगळवारी सोता लिवून द्या, की आमी कायमचं न्हाय. तुमी भला माणूस हाय, शेठ. पर तुमी आज हाय. उद्या तुमच्या पोरांस्नी वाटलं, दवाखाना नको, देऊळ बांधू. त्येंचा पैसा, त्येंची मर्जी. आमी त्यांस्नी कुठल्या तोंडानं जाब इचारायचा?”

शेठच्या तोंडावर असं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला वाटलं, आता हे उठतील आणि दार दाखवतील. शेठ उठले खरे, पण कपाटाकडं गेले. संस्थेचे छापील कागद काढले आणि तात्यांच्या समोर बसून स्वतःच्या हातानं पहिलं पत्र लिहिलं. तात्यांनी वाचलं आणि ‘कृपया’ हा शब्द खोडायला लावला.

तिथून पुढं वर्षभर दर मंगळवारी शेठ ते पत्र लिहीत होते. एकदा त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी असताना त्यांनी मला मजकूर सांगितला आणि चाचपडत सही केली. सोमवारच्या फेऱ्यांना ते अधूनमधून स्वतःही जायला लागले. लोखंडाचा एवढा मोठा व्यापारी, पण कचेरीच्या बाकावर तात्यांच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. एकाला वाट बघण्याची सवय उभ्या जन्माची, दुसऱ्याला नवीन लागलेली.

शेवटी साहेब बदलले. नव्या बाई आल्या. त्यांनी तो पत्रांचा गठ्ठा उघडला, एका बैठकीत सगळा वाचला आणि तात्यांना आत बोलावून विचारलं, “हे इतके दिवस चाललंय?” तात्या म्हणाले, “व्हय, बाईसाहेब. एक बी मंगळवार चुकलेला न्हाय.” दोन महिन्यांनी वस्तीवर कायमची नर्स रुजू झाली. तरुण मुलगी, सुप्याकडची.

मला वाटलं, आता तात्या हारतुरे घेऊन येतील. ते आले, पण रिकाम्या हातानं. शेठसमोर बसले आणि म्हणाले, “शेठ, आता गाडी थांबवा. तुमी चालू ऱ्हायला तर तिची बदली व्हईल.”

मंगळवार हा त्यांच्या आठवड्यातला सगळ्यात आवडता दिवस झाला होता, हे मला माहीत होतं. मंगळवारी सकाळी औषधांची खोकी ते स्वतः गाडीत चढवायचे. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, “बरं.” देणाऱ्या माणसाला देणं थांबवायला सांगणारा आणि ते ऐकून थांबणारा, दोघांपैकी कोण मोठा हे मला आजही ठरवता येत नाही.

महिन्याभरानं एका सकाळी इंदापूरला काही काम निघालं. जाताना मी वस्तीकडं वळले. उपकेंद्राच्या पायऱ्यांवर सात-आठ बायका बसल्या होत्या. दार बंद होतं. कडेला तात्या उभे होते आणि त्यांच्याजवळ एक म्हाताऱ्या बाई बाकावर बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय लुगड्याखालून दिसत होता तो बनावट होता. इतक्या मंगळवारी मी इथं आले, पण या बाईंना कधी पाहिलं नव्हतं.

“ही आमची आक्का,” तात्या म्हणाले. “थोरली भन. मेंढरामागं हिंडून हिनं मला साळंत घातलं.”

मग मला थोडं बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं. आक्कांचा पाय साखरेच्या दुखण्यानं गेला, गुडघ्याखालून. कुठल्याशा शिबिरात एका दानशूर माणसानं त्यांना हा पाय दिला. स्टेजवर बोलावून दिला, आणि फोटो काढला. पुढं तो फोटो एका मोठ्या फ्लेक्सवर आला. वर दात्याचा चेहरा, खाली हात जोडून उभ्या आक्का. बाजाराच्या वाटेवर तो फ्लेक्स बरेच दिवस होता. आक्का बाजारात गेल्या की लोक म्हणायचे, त्या बोर्डावरच्या तुमीच न्हवं? कासारानं बांगड्यांचे पैसे घेतले नाहीत. राहू द्या मावशी, म्हणाला.

“त्या दिसापासनं आक्का बाजारला गेली न्हाय,” तात्या म्हणाले. “कुठंच गेली न्हाय. तुमची गाडी यायची तवा ती आतल्या खोलीत बसायची. म्हनायची, आता आनि कुणाचं नगं. आज पयल्यांदा भाईर आलीय. मी म्हनलं, आक्का, ही नर्स कुणी दिलेली न्हाय, ही आपली हाय.”

“आणि पाय कसा आहे आता?” मी विचारलं.

“झ्याक हाय म्हनती. कवा बी इचारा, झ्याक हाय.”

तेवढ्यात नर्स आली. घाईघाईत, पदर सावरत, किल्ली शोधत. पायरीवरच्या बायका सरकल्या. आक्कांनी बाकावरूनच तिला हाक मारली.

“काय गं पोरी, धाची येळ हाय न्हवं तुझी? आमी काय बिनकामाचं बसलोय व्हय हितं?”

सगळ्या बायका आक्कांकडं बघायला लागल्या. नर्स ओशाळली. “चुकलं, आजी. गाडी उशिरा मिळाली.”

“लवकर निघत जा,” आक्का म्हणाल्या. त्या काठी टेकत उठल्या आणि तिच्या मागोमाग पहिल्याच आत शिरल्या. आतल्या खुर्चीवर बसून त्यांनी नर्ससमोर तो पाय लांब केला. “साखर मग बघ. आधी ह्यो बघ. बसवला त्या दिसापासनं टोचतोय. आत सगळं सोललंय.”

तात्या दारात माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा हात चौकटीवर होता, तो तसाच राहिला.

“आक्का,” ते म्हणाले, “मला कवा बोलली न्हाईस.”

“तुला सांगून काय करायचं, सोपाना? फुकट मिळाल्याला. नावं कुणाला ठेवायची?”

तात्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली. आत गेले, आक्कांच्या पुढ्यात फरशीवर मांडी घालून बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी पट्टा सोडायला लागले.