गुमारो आणि गायब झालेली तर्री

मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या गुमारो तालामांतेसची ओळख त्याच्याच शब्दांत करून द्यावी. दुसऱ्याचे शब्द त्याला पुरत नाहीत. "नजर घारीची, कान सशाचे, पावलं मांजराची," असं तो दाढी करताना आरशाला सांगत असे. "एकवीस वर्षं गोदामाची राखण केली, एक खिळा चोरीला गेला नाही!" गोदामात नुसती रिकामी खोकी होती, हे त्याची बायको एउफ्रासिया कुणाला सांगत नसे. संसार टिकवायचा तर काही पुरावे दडवावे लागतात.

त्या रविवारी सकाळी तिने फ्रिजमधून बिरियाचं, म्हणजे मसालेदार मांसरश्श्याचं, पातेलं काढलं आणि झाकण उचललं. काल दिवसभर मंद आचेवर शिजवलेलं गोमांस जागेवर होतं, रस्सा जागेवर होता. वर गोठून बसणारा तर्रीचा लालभडक थर तेवढा नाहीसा झाला होता. तर्रीत बुडवल्याशिवाय मक्याची टॉर्टिया तव्यावर जायची कशी? लाल व्हायची कशी, कुरकुरायची कशी, चीज तिला बिलगायचं कसं?

आणि तेही आज! मुलीची, यादिराची, होणारी सासू एर्मेलिंदा कालच हालिस्कोहून मुक्कामाला आली होती. बॅग खाली ठेवता ठेवताच म्हणाली होती, "बिरिया म्हणजे बकऱ्याची. गाईचं ते नुसतं कालवण. आणि वर चीज? देवा रे!" तिने आज पहिल्यांदा चीज-बिरियाचा टाको चाखायचा होता. आवडला तर लग्नाला एउफ्रासियाचे टाको, नाहीतर हालिस्कोचे बकरे. पोटच्या पोरीच्या लग्नात परक्या हातचं जेवायचं, या विचाराने एउफ्रासियाने झारा ओट्यावर आपटला.

"कुणी कशाला हात लावू नका!" गुमारोने बायकोचा वाचायचा चष्मा भिंगासारखा धरला. "आणि काय चोरीला गेलं ते गुप्त ठेवा. विशेषतः पाहुणीपासून." पाहुणी अंगणात कॉफी पीत बसली होती.

"समोरचा टाकोच्या गाडीवरचा रुतिलियो," तो कुजबुजला. "काल तो माझ्याकडे बघून हसला."

"म्हाताऱ्या, त्याने नवे दात बसवलेत. सगळ्यांकडे बघून हसतोय."

"मग मांजर!" त्याने अंगणात जाऊन मांजराचं तोंड हुंगलं. मांजराने त्याचं नाक ओरबाडलं. "अपराधी मन!"

"पप्पा, मांजराने फ्रिज उघडला आणि जाताना झाकणही लावलं?" यादिराने विचारलं.

"वळण चांगलं असेल." मग त्याने फ्रिजची झडती घेतली, एकेक लेबल मोठ्याने वाचत. "दूध. लोणी. क्रीम. संशयास्पद काही नाही. एउफ्रासिया, निष्कर्ष असा की तर्री मुळात नव्हतीच. गाय सडपातळ होती."

एउफ्रासियाने डोळे मिटून कोरडीच टॉर्टिया तव्यावर टाकली. ती चिकटली, फाटली. नेमकी तेव्हाच एर्मेलिंदा रिकामा कप घेऊन आत आली.

"हे लाल असतं म्हणाला होतात ना, विहीणबाई?"

"असतं हो," एउफ्रासियाचा धीर सुटला. "पातेल्यावरची तर्री कुणीतरी नेली."

"ती? ती तर मी काढली. सकाळी लवकर जाग आली. म्हटलं, विहीण दमलीय, वरची चरबी तेवढी काढून ठेवू."

"फेकलीत?"

"अन्न फेकेन मी?" एर्मेलिंदाने फ्रिज उघडला आणि क्रीमचा डबा काढला. आत तर्री होती, गोठलेली, मावळत्या सूर्याच्या रंगाची.

"पण लेबल!" गुमारो ओरडला.

"कुणाच्या घरी क्रीमच्या डब्यात क्रीम असतं हो?"

"मग आधी का नाही सांगितलंत?" यादिराने विचारलं.

"मला काय ठाऊक काय शोधताय? मला वाटलं, मांजराचं काहीतरी चाललंय."

टॉर्टिया तर्रीत न्हाली, तव्यावर चरचरली. चीज वितळून कडेला जाळीदार झालं, वर मांस, कांदा, कोथिंबीर. "रश्शात बुडवा," एउफ्रासिया हळूच म्हणाली. एर्मेलिंदाने बुडवून घास घेतला. चीजची तार ओठांपासून हातापर्यंत लांबली, लांबतच गेली, तुटेना. तिने तो टाको संपवला. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. मग बोटं चाटून म्हणाली, "बकऱ्यांना कळवा, त्यांचं आयुष्य वाढलं."

यादिराने आईला मिठी मारली. एउफ्रासियाने एप्रनला डोळे पुसले. गुमारोने वहीत लिहिलं, 'माझ्या दबावामुळे आरोपी स्वतःहून हजर,' आणि विजय साजरा करायला बिस्किटांचा डबा उघडला. आत सुया, दोरे आणि बटणं.

"चोरी!" तो ओरडला.

दोन्ही विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. एउफ्रासियाने पुढची टॉर्टिया बुडवली.