धन्यकुमारकाकांची एक नंबर बिल्डिंग

हातोडीचा आवाज कुठेही झाला की धन्यकुमारकाका जेवत्या ताटावरून उठतात आणि बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराचं दार वाजवून विचारतात, "खिळा कोन ठोकून राह्यलं?" एकदा समोरच्या मैदानात लग्नाचा मांडव घालत होते, तेव्हाही ते आमच्या दारात हजर. मी खिडकीतून मांडव दाखवला. त्यांनी तो पाहिला, पटल्यासारखी मान हलवली आणि तरीही आत येऊन आमच्या सगळ्या भिंती तपासून गेले.

काका आमचे घरमालक. वाशीमच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. काकू गेल्या, मुलगा निलेश पुण्याला नोकरीला लागला, तेव्हा काकांनी दुकान विकलं आणि स्टेशनच्या बाजूला ही बिल्डिंग बांधली. खाली दोन घरं, वर दोन. खाली एका घरात ते स्वतः राहतात आणि दुसऱ्यात दवाखान्यात नर्स असलेल्या सुनंदाताई. वर आम्ही तिघं, आणि आमच्या शेजारी एक रिकामं घर.

मी साताऱ्याचा. कॉलेजात मास्तर म्हणून बदली झाली आणि घर शोधत इथे आलो, तेव्हा गेटवर पाटी होती : "वरची खोली खाली आहे." मी बराच वेळ वर पाहिलं, मग खाली पाहिलं. शेवटी काकांना विचारलं, खोली नक्की कुठे आहे? ते म्हणाले, "वर." मग खाली काय आहे? "वरचीच तं खाली हाये ना, सर. खालची कुठं खाली हाये?" इकडे खाली म्हणजे रिकामी, हे मला माझ्या बायकोनं समजावलं. तिला ते कसं कळलं, देव जाणे.

काकांचं आवडतं वाक्य एकच, "काई झालं तं नाई ना?" नळ उशिरा आला, कुकरची शिट्टी एक जास्त झाली, मुलगी खोकली, की खालून हे वाक्य येतं. ते म्हणतात, "पैसा बँकेत टाकला तं दिसत नाई, सर. बिल्डिंगीत टाकला तं दिसते, पन पावसाळ्यात टपकते." आभाळ भरून आलं की ते गच्चीवर असतात. आभाळ निवळलं की भेगा पडतील म्हणून असतात. इतक्या काळजीत माणसाला भूक कशी लागते, मला कळत नाही. पण लागते, आणि जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवणही होतं.

गेल्या दिवाळीत निलेश आला तो नवी योजना घेऊन. जवळच शिरपूरला जैन मंदिरात दर्शनाला लोक येतात, कोर्टाच्या तारखेला येतात, लग्नांना येतात. त्यांना रिकामं घर दिवसाच्या भाड्यानं द्यायचं. बुकिंग मोबाइलवरच्या ॲपवर. "महिन्याच्या भाडेकरूंत काही उरत नाही, बाबा. आधी एक घर करून बघू. चाललं, तर सगळीच तशी करू."

सगळीच म्हणजे आमचंही. त्या दिवशी आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही. मुलीची शाळा मध्येच सोडवायची कशी, दुसरं घर मिळेपर्यंत जायचं कुठे, हे बायको मला विचारत होती आणि मी भिंतींकडे पाहत होतो. जिन्यात सुनंदाताई भेटल्या. "सर, आपल्याले काढतीन का?" मी म्हणालो, बघू.

आणि योजना चालली. पहिलं बिऱ्हाड आसेगावचं, लग्नासाठी आलेलं. काकांनी त्यांना गीझर, बादली, कडी सगळं समजावलं. "बातरूमची कडी पुरी लावू नोका, अटकते." पाच वाजताच गरम खिचडी-कढी वर नेऊन वाढली. पाहुणे भिंतीपलीकडे मनापासून हसत, वाहवा करत, आणि इकडे मी पेपरात भाड्याच्या घरांच्या जाहिराती शोधत बसे. माणसं इतकी खूश होऊन जात होती की आमचं चंबूगबाळं आवरायची वेळ जवळ आली, याची मला खात्रीच पटली.

मग एक दिवस निलेशचा फोन आला. "सर, जरा बघता का, काय गोंधळ आहे? लोक लिहितात, काका देवमाणूस, खिचडी झकास, जागा स्वच्छ. आणि पाच चांदण्यांपैकी देतात एक. ॲपवर आपलं घर पार तळाला गेलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम जिन्यात रेंगाळलो. इंझोरीचा एक शेतकरी पाहुणा पिशवी घेऊन निघाला होता. काका त्याच्या मोबाइलवर वाकले होते. "कसं वाटलं आमच्या इथं?"

"एक नंबर, काका."

"मंग एकच चांदनी दाबा. पाच दाबल्या तं पाचवा नंबर होते."

त्या भल्या माणसानं आनंदानं एक दाबली, वाकून नमस्कार केला आणि गेला.

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. या चुकीमुळेच माझं घर वाचत होतं. पण मास्तरकी आड आली. म्हणालो, "काका, उलटं असतं ते. पाच म्हणजे सगळ्यात चांगलं."

काका गेटकडेच पाहत राहिले. "मले मालूम हाये, सर. जलमभर भांडे इकले. गिऱ्हाइकाले काय सांगाचं, ते समजते मले."

"मग असं का, काका?"

त्यांनी जिन्याखाली बोट दाखवलं. तिथे आमच्या चपला होत्या, मुलीचे शाळेचे बूट होते आणि सुनंदाताईंच्या पांढऱ्या चपला. "रोज सांजच्याले मी हे पाह्यतो. तुमची आली, पोरीचे आले, सुनंदाची आली, मंग दार लावतो. घरात मानसं हायेत असं वाटते. पावन्यायच्या चपला रोज अलग. कोनाची यायची राह्यली, मी कसं वळखू?"

मी विचारलं, "निलेशला काय सांगू?"

"सांगजा, बुढ्याले समजत नाई."

मी तसंच सांगितलं. निलेश फोनवर वैतागला, बाबांपुढे हात टेकले म्हणाला आणि महिनाभरात योजना गुंडाळली. शेजारच्या घरात आता एक तलाठी सहकुटुंब राहायला आलेत.

परवा कॉलेजात मीटिंग लांबली. घरी पोचायला अंधार झाला. काकांच्या घरात दिवा नव्हता, पण दार अर्धं उघडं होतं. मी चपला काढल्या आणि त्यांना दिसतील अशा जरा पुढे सरकवून ठेवल्या. वर दोन पायऱ्या चढलो असेन, तोच मागे कडी लागल्याचा आवाज आला.